कडकनाथ घेताना आधी चोच उघडून पाहा

विदर्भातल्या कोणत्याही आठवडी बाजारात काळ्या पिसांची कोंबडी डाल्यातून बाहेर काढली, की तिला कडकनाथ म्हणायची पद्धत पडली आहे. घेणारा पिसे बघतो, पाय काळे आहेत एवढी खात्री करतो आणि गावरानीपेक्षा चढा भाव मोजून मोकळा होतो. पिसांचा रंग हा यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे. ऑस्ट्रालॉर्प ही परदेशी मूळ असलेली अंड्याची जात कडकनाथइतकीच काळी असते, उन्हात तिच्या पिसांवर तीच हिरवट झळाळी दिसते आणि पायही गडद असतात. आत मात्र ती साध्या कोंबडीसारखी पांढऱ्या कातडीची निघते. उलट, मानेवर सोनेरी पिसे असलेला अस्सल कडकनाथ ‘मिक्स आहे’ म्हणून बाजारातून परत जातो.

कडकनाथचे मूळ घर पश्चिम मध्य प्रदेशातले झाबुआ, अलीराजपूर आणि धार हे जिल्हे. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ही कोंबडी सांभाळली. तिकडे तिला ‘काली मासी’ म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या भागातल्या मालाचे आहे, त्यामुळे अमरावती किंवा भंडाऱ्यात वाढवलेला पक्षी कितीही शुद्ध असला तरी त्या मानांकनाखाली विकता येत नाही. आपल्याकडे परसात फिरते ती गावरानी: कुणाचे पाय पिवळे, कुणाचे पांढरे, कुणाची मान उघडी. गडचिरोली-चंद्रपूरकडे त्यात असील या झुंजीच्या जातीचे रक्तही मिसळलेले आढळते. अशा मोकळ्या कळपात कडकनाथ सोडला की एकाच हंगामात सरमिसळ सुरू होते, आणि बाजारात ‘कडकनाथ’ म्हणून येणाऱ्या पक्ष्यांत या सरमिसळीचाच भरणा असतो. विकणारा प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते.

कडकनाथचे तीन रंगप्रकार मानले जातात. पूर्ण काळा, पांढरट-रुपेरी रेघांचा, ज्याला पेन्सिल्ड म्हणतात, आणि सोनेरी, ज्याच्या मानेवर, पाठीवर सोनेरी पिसे असतात. तिन्ही अस्सल. पिसे वेगळी असली तरी कातडी, जीभ, पाय आणि आतले अवयव तिन्हींत गडदच असतात. म्हणून तपासणी पिसांच्या खालून सुरू करायची.

पक्षी हातात घेऊन

तपासणी सकाळच्या उजेडात करा. संध्याकाळी दिव्याखाली जांभळा आणि करडा यांतला फरक कळत नाही. डाव्या हाताच्या बोटांत दोन्ही पाय अडकवा, छाती त्याच हातावर टेकवा आणि डोके तुमच्या काखेकडे ठेवा. पक्षी शांत राहतो आणि उजवा हात मोकळा होतो. पायाला धरून उलटा लटकवून बघू नका; तुऱ्यात रक्त उतरते आणि रंग चुकीचा दिसतो.

सुरुवात तोंडापासून. दुसऱ्या कुणाला पक्षी धरायला सांगा, चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांवर अंगठा आणि तर्जनीने हलका दाब द्या. चोच आपोआप उघडते. शुद्ध पक्ष्याची जीभ जांभळट-काळी असते, टाळू आणि घसाही गडद. जीभ गुलाबी आणि तिच्यावर काळे ठिपके, किंवा फक्त टोक काळे, असे दिसले तर रक्त मिसळलेले आहे. ऑस्ट्रालॉर्प इथेच पकडली जाते. बाजारात एकच तपासणी करायला वेळ असेल तर हीच करा, कारण पिसांना रंग लावता येतो, जिभेला नाही.

त्यानंतर कातडी. पंखाखाली, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना आणि शेपटीखाली पिसांवर उलट्या दिशेने फुंकर मारा. कडकनाथची कातडी पाटीच्या दगडासारखी गडद करडी असते आणि ती सगळीकडे तशीच असायला हवी. संकरात मान आणि पंखाखाली करडेपणा येतो, पण छाती आणि मांडीची आतली बाजू फिकी राहते. कधी चट्टे पडतात. फक्त मानेची कातडी दाखवणाऱ्याला छातीची दाखवायला सांगा.

पाय उलटे करून तळवा बघा. नडगीचे खवले, बोटे, नखे आणि तळवा, सगळे गडद करडे ते काळे हवे. तळवा चिखलाने माखलेला असतो, ओल्या फडक्याने पुसून घ्या. नडगी काळी आणि तळवा पांढरट किंवा पिवळा असेल तर तो पक्षी सोडून द्या. बोटे चारच हवीत. पाचवे बोट दिसले तर सिल्कीचे रक्त आहे. सिल्की ही चिनी मूळ असलेली, रेशमी पिसांची शोभेची जात. तिचे मांसही काळेच असते. तिच्या पहिल्या संकरात रेशमी पिसे दिसत नाहीत, साधी पिसे येतात, पण पाचवे बोट, नडगीवरची पिसे किंवा डोक्यावरचा पिसांचा झुबका मागे राहतो आणि सत्य सांगतो.

आता डोके. तुरा एकेरी, उभा आणि दातेरी असतो. तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या जांभळट ते गडद करड्या, कानाच्या पाळीवर निळसर झाक. तुरा बसका, तीन ओळींच्या दाण्यांचा असेल तर ते असीलचे लक्षण आहे, आणि असा तुरा एकाच बाजूने आला तरी पिल्लात उमटतो. कानाची पाळी पांढरीशुभ्र असेल तर लेगहॉर्नसारख्या जातीचा संशय घ्या. तुऱ्याच्या बाबतीत थोडी सूट मात्र द्यावी लागते. वयात आलेल्या कोंबड्याच्या आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या तुऱ्यात रक्त जास्त खेळते, त्यामुळे जांभळ्यात लाल झाक येऊ शकते. जीभ, कातडी आणि तळवा पास झाले असतील तर तेवढ्यावरून पक्षी नाकारू नये. चेहरा आणि तुरा टोमॅटोसारखा लाल असेल तर मात्र बाकी काही बघायची गरज नाही.

पिसांना रंग चोळल्याचा संशय आला तर कापसाच्या बोळ्याला गोडेतेल लावून मानेवर आणि पायावर दहा-बारा वेळा घासा. बोळा काळा झाला तर व्यवहार तिथेच थांबवा.

काळी तलंग फसवते, तिचा भाऊ नाही

बाजारात सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून हा भाग नीट समजून घ्या. कडकनाथच्या काळेपणामागे मुख्यतः दोन गुण असतात. पहिला काळेपणा पसरवणारा. या जातीत २० व्या गुणसूत्राचा एक भाग दुप्पट झालेला आहे. त्यामुळे रंगपेशी वाढवणारा संदेश जास्त सुटतो आणि अंड्यात गर्भ वाढत असतानाच या पेशी नेहमीच्या जागा सोडून स्नायू, हाडावरचा पातळ पापुद्रा, श्वासनळी, आतड्यांना धरून ठेवणारे पडदे इथपर्यंत शिरतात. हा गुण प्रबळ आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. सिल्कीतही हाच बदल असतो, म्हणून काळे मांस एवढ्यावरूनही पक्षी कडकनाथ ठरत नाही.

दुसरा गुण काळेपणाला आवर घालणारा. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो, कडकनाथमध्ये नसतो. तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला आहे. ते गुणसूत्र तलंगेला, म्हणजे मादी पिल्लाला, फक्त बापाकडून मिळते, नर पिल्लाला आई-बाप दोघांकडून.

आता पिवळ्या पायाच्या गावरानी कोंबडीवर शुद्ध कडकनाथ कोंबडा सोडला तर काय होईल ते बघा. तलंगांना बापाचे मोकळे गुणसूत्र मिळाले, आवर नाही. त्या गडद निघतात. त्यांच्या भावांना आईकडून आवर मिळाला. त्यांची कातडी फिकी राहते, पाय फिके किंवा ठिपक्यांचे दिसतात. नर पिल्ले गावरानी म्हणून कापायला जातात आणि काळ्या तलंगा कडकनाथ म्हणून बाजारात येतात. त्या निम्म्याच कडकनाथ आहेत, पण जीभ-कातडीवरून अनेकदा अनुभवी माणूसही चकतो. म्हणून फक्त तलंगा विकायला आल्या असतील तर त्याच विणीतले नर मागा. ‘ते आधीच विकले’ हे उत्तर मिळाले तर भाव गावरानीचाच द्या. जोडी उलटी असेल, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि पिवळ्या पायाचा कोंबडा, तर सगळीच पिल्ले फिकी निघतात आणि ती फसवणूक सहसा टिकत नाही.

गावरानी आईचेच पाय गडद करडे असतील तर तिच्यात आवर नसतो. मग भाऊही काळे येतात आणि ही ओळख चालत नाही. अशा संकराचे पितळ पुढच्या पिढीत उघडे पडते: त्या भावा-बहिणींचीच जोडी लावली तर चार पिल्लांत साधारण एक पिल्लू साध्या रंगाच्या कातडीचे निघते.

पैदाशीसाठी महागडा कोंबडा घेतला असेल तर त्याची खात्री स्वतः करता येते. त्याला फिक्या कातडीच्या, पिवळ्या पायाच्या दोन-तीन गावरानी कोंबड्यांसोबत वेगळे ठेवा. त्या कोंबड्या आधी दुसऱ्या नराबरोबर फिरत असतील तर तीन आठवडे थांबा, कारण कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकून राहते. मग डझन-दोन डझन अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली बसवा. २१ दिवसांनी पिल्ले निघतील. दोन-अडीच महिन्यांनी नर-मादी ओळखू आले की फक्त तलंगा तपासा. एक जरी तलंग साध्या गुलाबी-पिवळ्या कातडीची निघाली तरी कोंबड्यात बाहेरचे रक्त आहे. कोंबडा अर्धरक्ताचा असेल तर त्याच्या सहाच्या सहा तलंगा गडद निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक एवढीच असते. नर पिल्लांच्या फिकेपणावरून या चाचणीत काहीच ठरवू नका.

पिल्लू, अंडे आणि वजन

एक दिवसाचे कडकनाथ पिल्लू निळसर ते काळे असते आणि पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा असतात. ऑस्ट्रालॉर्पचे पिल्लूही पाठीवर काळे, पण पोट आणि पंखांची टोके पांढरट-पिवळी आणि तळवा फिका गुलाबी. खोक्यात पिल्ले दाटीने भरलेली असतात, वरून सगळी सारखीच दिसतात. दहा-बारा उचलून उलटी करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पिल्लू उलटे करून पोट आणि तळवा बघायला दोन सेकंद लागतात.

अंडे काळे नसते. काळे अंडे दाखवून कुणी कडकनाथचे म्हणून विकत असेल तर रंग अंड्याच्या कवचाला लावलेला आहे. खरे अंडे फिक्या तपकिरी रंगाचे, किंचित गुलाबी झाक असलेले, साधारण ४० ते ५० ग्रॅमचे. तलंगेची पहिली अंडी आणखी लहान असतात. बलक नेहमीसारखा पिवळा. कोंबडी अंड्यावर येते ती साधारण सहा महिन्यांनी, आणि वर्षाला ८० ते १०५ अंडी देते. वर्षाला दोनशे अंडी मिळतील असे सांगणारा कडकनाथ विकत नाही, दुसरेच काही विकतो.

वजनकाटा चांगला साक्षीदार आहे. चांगल्या खाद्यावरही कडकनाथ २० आठवड्यांत एक किलोच्या आसपासच पोहोचतो. पूर्ण वाढलेला कोंबडा १.८ ते २ किलो, कोंबडी १.२ ते १.५ किलो. दोन-अडीच महिन्यांतच सव्वा किलो भरणारा काळा पक्षी वेगवान वाढीच्या जातीशी संकर झालेला असणार. मांसासाठी तो वाईट नाही, पण त्याची पिल्ले कडकनाथ म्हणून विकू नका. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथचा संकर मुद्दाम तयार करून ‘कारी श्यामा’ या नावाने दिला आहे; तिथे संकर आहे हे उघड सांगितलेले असते.

कापल्यावर

वीस-पंचवीस पक्षी एकदम घ्यायचे असतील तर त्यातला एक जादाचा नर कापून बघणे स्वस्त पडते. रक्त काळे निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते लालच असते, नेहमीपेक्षा थोडे गडद. श्वासनळी, पोटातल्या आणि छातीतल्या हवेच्या पिशव्या, वृषण किंवा बीजांडकोश, हृदयाचे बूड आणि आतड्यांमधला पडदा इथे काळेपणा सर्वांत दाट असतो. हाडावरचा पापुद्रा काळा आणि मगजही गडद. स्नायूंचा काळेपणा मात्र पक्ष्यागणिक कमी-जास्त होतो, त्यामुळे मांडी थोडी फिकी दिसली म्हणून भांडू नका. श्वासनळी पांढरी असेल तर भांडा.

काळे तीळ, कोळसा किंवा गूळ चारून मांस काळे होते असे सांगणारे भेटतात. खाद्याने हा काळेपणा येत नाही आणि खाद्य बदलल्याने जातही नाही. तो अंड्यातच ठरतो.

जात टिकवायची असेल तर

शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून येणार हे गृहीतच धरा. पैदाशीचा गट जाळीच्या आत, वरूनही झाकलेला ठेवा: एक कोंबडा आणि आठ ते दहा कोंबड्या. उबवणुकीची अंडी गोळा करण्याआधी तीन आठवडे या गटात बाहेरचा नर आलेला नसावा. कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक बसत नाही, अंडी अर्धवट सोडून उठते. म्हणून तिची अंडी गावरानी कोंबडीखाली बसवतात. एका वेळी दहा-बारा पुरे. बसवताना खुडूक कोंबडीची स्वतःची अंडी काढून टाका आणि बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करा. ती बसलेली असताना दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालतात, आणि खूण नसली की कोणते पिल्लू कुणाचे हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी अडचण नात्यातल्या जोड्यांची. एकाच कोंबड्यावर चार-पाच वर्षे कळप चालला की बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या लागतात. अंडी कमी फळतात, वाकडी बोटे आणि वाकड्या चोची दिसू लागतात. दर एक-दोन वर्षांनी कोंबडा बदला आणि तो वेगळ्या गावच्या, वेगळ्या कळपातून आणा. नवा कोंबडा आणताना वरची चाचणी पुन्हा. कळपात रक्त मिसळल्याची शंका आली तर तांबड्या तुऱ्याचे, फिक्या तळव्याचे पक्षी आधी खाण्याकडे वळवा.

काळ्या पक्ष्याचे आजार कसे वाचायचे

गावरानीचा तुरा निळा-जांभळा पडला की आपण सावध होतो. श्वास अडला किंवा मोठा आजार आला असे समजतो. कडकनाथचा तुरा मुळातच जांभळा, त्यामुळे ही खूण हाती राहत नाही. अंगात रक्त कमी झाले तरी चेहरा पांढरा पडलेला पटकन दिसत नाही. म्हणून छातीचे हाड चाचपायची सवय लावा. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले तर जंत किंवा जुना आजार आहे, तुरा कितीही चकचकीत असो. विष्ठेचा रंग, सकाळी खाद्यावर येण्याची घाई आणि खाली पडलेले पंख रोज बघा. हिरवट पातळ विष्ठा, मान पिळवटणे आणि एकापाठोपाठ मरतूक हे मानमोडीचे लक्षण. पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरची लासोटा लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात त्याच आजाराची आर-टू-बी लस; पक्षी देशी आहे म्हणून हा क्रम टाळू नका. तारखा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तुमच्या भागाप्रमाणे पक्क्या करून घ्या. लस बर्फातच आणावी. उन्हात मोटारसायकलच्या डिक्कीतून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

चैत्र-वैशाखात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काळे पीस उष्णता लवकर शोषते. दुपारी अकरा ते चार या पक्ष्यांना झाडाची किंवा तणसाच्या छपराची सावली हवी, पाणी मातीच्या भांड्यात आणि दिवसातून दोनदा बदललेले. पत्र्याचे खुराडे असेल तर पत्र्यावर तणस पसरून पाणी शिंपडा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाका; भर दुपारी पोटभर ज्वारी खाल्लेला पक्षी उष्णतेने आधी मरतो.

उवा आणि गोचिड्याही काळ्या कातडीवर लपतात. उवांची अंडी शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गुठळ्यांसारखी चिकटलेली असतात, ती दिवसा दिसतात. रात्री रक्त पिऊन दिवसा फटींत जाणारे बारीक किडे मात्र पक्ष्यावर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री खुराड्यातल्या बसायच्या दांडीवर पांढरे फडके गुंडाळून ठेवा आणि उजाडायच्या आत काढून त्यावर हात फिरवा. तांबडे डाग उमटले तर आधी दांडीच्या आणि भिंतीच्या फटी साफ करून औषध लावा. नुसत्या पक्ष्याला औषध लावून हे किडे जात नाहीत.